लोलाला सांभाळायचं कुणी?

फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये २०२५च्या जुलैत पानफिलो लॅक्सन यांनी एक विधेयक पुन्हा मांडलं. ऐपत असूनही जी मुलं म्हाताऱ्या, आजारी, निराधार आईबापांना पोसत नाहीत, त्यांना कोर्टाने पोटगी द्यायला लावावी आणि त्यावरही न देणाऱ्याला शिक्षा करावी, हा त्याचा गाभा. तेव्हापासून तिथे जो वाद पेटला तो दोन्ही बाजूंनी चुकीचा लढला जातो आहे. एक बाजू म्हणते, खेड्यातले जुने संस्कार गेले. वाढवणाऱ्याचं जे ऋण माणसाने जन्मभर मनात बाळगायचं, ज्याला तिकडे ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, ते नव्या पिढीने झटकून टाकलं. दुसरी बाजू बहुतेक शहरातल्या तिशी-पस्तिशीच्या नोकरदारांची. ती म्हणते, मुलं ही आईबापांची म्हातारपणाची ठेव नव्हे, आणि या ऋणाच्या नावाखाली आम्ही पिळून निघालो. दोघांनीही एक गोष्ट धरून ठेवली आहे, की बदललं ते माणसांचं मन. फिलिपिनो खेड्यातली गेल्या तीन पिढ्यांची लहानपणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर मात्र दिसतं ते वेगळंच. शेतातली कामं बदलली, घर बांधायचं सामान बदललं, भावंडांची संख्या एक तृतीयांशावर आली, पैसा समुद्रापलीकडून यायला लागला. मन त्या मानाने फार थोडं बदललं आहे. निदानच चुकलं तर कायद्याची मात्रा लागू पडेल कशी?

आज ऐंशीच्या घरात असलेली लोला, म्हणजे आजी, १९४०च्या दशकात जन्मली. मध्य लुझोनच्या किंवा पनाय बेटावरच्या भातशेतीच्या गावात तिचा दिवस कामाने उजाडायचा. विहिरीचं पाणी आणायचं, अंगण झाडायचं, तेही नारळाच्या झावळीचे हीर एकत्र बांधलेल्या खराट्याने. कोकणातल्या वाचकाला तो वेगळा सांगायला नको. मग भात कांडायचं. लाकडी उखळाला तिकडे लुसोंग म्हणतात, मुसळाला हालो. एका उखळात दोन मुलं आळीपाळीने घाव घालत. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटायचं आणि दाण्याची कणी व्हायची. कोंडा पुरता न गेलेला तांदूळ फार दिवस ठेवला तर त्याला खवट वास येतो, म्हणून लागेल तेवढंच कांडायचं. साहजिकच हे काम जवळजवळ रोजचं. आठ-नऊ वर्षांचा मुलगा काराबाव राखायचा. हा पाणरेडा घाम गाळून अंग थंड करू शकत नाही. उन्हं चढायच्या आत त्याला चिखलात डुंबायला नेलं नाही, तर तो नांगराला जुंपला तरी जागचा हलत नाही. भात दुधात आलं की माया पक्ष्यांच्या झुंडी उतरायच्या, तेव्हा पुढचे दोन-तीन आठवडे मुलं बांधावर दोऱ्या ओढत, डबे वाजवत बसायची. कमरेवर धाकटं भावंड असायचंच. संध्याकाळी सहाला चर्चची घंटा झाली की सगळी घराकडे धावायची आणि वडीलधाऱ्यांचा हात धरून कपाळाला लावायची. त्या ‘मानो’मध्ये आदर होताच. पण ज्या हाताला कपाळ टेकायचं त्याच हाताने सकाळी कामं वाटून दिलेली असायची, हे विसरून चालणार नाही.

अशा घरात मूल दहा वर्षांचं झालं की घरच्या कामाचा मोठा भार उचलू लागायचं. १९७३च्या सुमारासही फिलिपिनो बाईला सरासरी सहा मुलं होत. अडाणीपणा म्हणून हे उडवून लावणाऱ्यांनी त्या घराचा जमाखर्च मांडून पाहावा. सहातली दोन-तीन शेतावर, एक थोरली मुलगी घरात, एखादं तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे. म्हातारपणी लोलो-लोलाला, म्हणजे आजोबा-आजीला, सांभाळायला कायदा लागत नव्हता, कारण सांभाळणं हे वेगळं कामच नव्हतं. म्हातारी त्याच चुलीपाशी बसलेली असे, त्याच भांड्यातला भात तिच्याही पुढे येई.

मग तो काळ सोन्याचा होता का? संस्कारांची बाजू घेणारे इथेच घसरतात. पश्चिम पनायमधल्या अंतिके प्रांतातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडायला समुद्र ओलांडून नेग्रोस बेटावर जात. त्यांना ‘साकादा’ म्हणत. मुकादम गावात येऊन घरात उचल देऊन जायचा आणि बाप हंगामभर फिटत नसलेली उचल फेडत राहायचा. बीड-आष्टीच्या ऊसतोड कुटुंबांना यातला शब्दन्‌शब्द ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की आपल्याकडे कोयता नवरा-बायकोच्या जोडीने जातो. हंगाम संपला की नेग्रोसवर ‘तिएम्पो मुएर्तो’, मेलेला काळ, सुरू व्हायचा. मळ्यावर काम नाही, मजुरी नाही, मुलांच्या ताटात कसाबसा भात आणि मीठ. इलोकोसमधून तर १९०६पासूनच तरुण पोरं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागली होती. त्यातली कित्येक परतलीच नाहीत. शाळेसाठी तालुक्याच्या गावी मावशीकडे ठेवलेलं मूल त्या घरची भांडी घासायचं, पाणी भरायचं, आणि त्या बदल्यात वर्गात बसायचं. कुटुंब तुटलं ते ओव्हरसीज नोकऱ्यांनी, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही आधीची ताटातूट मोजलेलीच नाही.

मधल्या पिढीत शेतच बदललं. लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आय-आर-८ हे वाण आणलं. बुटकं, खताला दाद देणारं, पाच-सहा महिन्यांऐवजी साधारण १३० दिवसांत तयार होणारं. पाण्याची सोय असलेल्या गावात वर्षाला दोन पिकं निघू लागली. पण बुटक्या रोपांत तण माजायचं, म्हणून निंदणी वाढली. लागुना प्रांतात तेव्हा ‘गामा’ नावाची रीत पसरली. ज्या कुटुंबाने निंदणी फुकट करून द्यायची, त्यालाच त्या तुकड्याच्या कापणीचा हक्क आणि कापलेल्या भाताचा सहावा हिस्सा. जुन्या रीतीत हाच सहावा हिस्सा नुसत्या कापणीला मिळायचा. म्हणजे मजुरी तेवढीच राहिली, काम वाढलं, आणि ते वाढीव काम बायका-मुलांच्या अंगावर पडलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला खायला म्हणून सोनेरी गोगलगाय आणली गेली आणि ती खाचरांत सुटली. लावणीनंतरच्या पहिल्या तीनेक आठवड्यांत ती कोवळं रोप पाण्याच्या पातळीशी कातरून टाकते. शेतकरी खाचरातलं पाणी उतरवायचे आणि मुलांना बादल्या देऊन आत सोडायचे. गोगलगायी उचलायच्या, काडीला चिकटलेले गुलाबी अंड्यांचे घोस खरवडून काढायचे. घोस पाण्याच्या वर असतो, म्हणून तो दिसतो तरी. पानाआड एखादा राहिला की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा पिल्लंच पिल्लं.

हे सगळं काम आता कुठे आहे? गोगलगायीला औषध आलं, तणाला तणनाशक आलं, रोपं लावण्याऐवजी बी फेकून पेरणं वाढलं, काराबावच्या जागी हातट्रॅक्टर आला. २०१९च्या तांदूळ आयात कायद्यानंतर सरकारी निधीतून यंत्रं वाटली गेली आणि कंबाइन हार्वेस्टर सपाट मुलखातल्या गावोगाव पोहोचला. तो काही तासांत हेक्टरभर भात कापून, झोडून, पोत्यात भरून मोकळा होतो. मागे वेचायला लोंबीही फारशी उरत नाही, त्यामुळे सरवा वेचून आठवडाभराचं भात घरी नेणाऱ्या भूमिहीन बायका-मुलांचा तो आधारही गेला. मुलाच्या हाताला शेतात काम उरलं नाही ही चांगलीच गोष्ट आहे. त्याने शाळेतच असलं पाहिजे. पण ज्या क्षणी मूल कामकरी न राहता खर्चाची बाब झालं, त्या क्षणी म्हातारपणाची जुनी व्यवस्थाही मोडली. हे दोन्ही एकाच घटनेचे भाग आहेत. पहिल्याचा आनंद मानायचा आणि दुसऱ्यासाठी पोरांना दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

गावातली मदतीची रीत कशी गेली ते पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. ‘बायानिहान’ म्हणजे अख्खं घर उचलून दुसऱ्या जागी नेणं. घर बांबूचं, छप्पर निपा पामच्या झावळ्यांचं, जोतं नाहीच, सगळं खांबांवर. त्याखालून लांब बांबू आडवे-उभे घालायचे आणि गावातल्या गड्यांनी खांदा द्यायचा. घरवाल्याने सगळ्यांना जेवू घालायचं, पैशाची बात नाही. आज हे फक्त उत्सवात दाखवतात आणि लोक हळहळतात, की आता कुणी कुणासाठी खांदा देत नाही. पण आज घर सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचं आहे, वर पत्रा आहे. परदेशातल्या नोकरीच्या कराराच्या पैशांतून ते टप्प्याटप्प्याने उभं राहतं. पहिल्या दोन वर्षांत परदेशी जाण्यासाठी काढलेलं कर्ज फिटतं, दुसऱ्या करारात भिंती चढतात, तिसऱ्यात वरचा मजला, आणि तोवर गच्चीवर लोखंडी सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. हे घर वादळाला जास्त टिकतं. २०१३च्या नोव्हेंबरात हैयान वादळाने लेते आणि सामारमध्ये केलेला संहार पाहिलेला कुणीही माणूस झावळीच्या घराकडे परत जा असं म्हणणार नाही. पण ते उचलता येत नाही, आणि बांधायला खांद्यापेक्षा गवंडी लागतो, गवंड्याला रोख मजुरी लागते. लोक कोरडे झाले असा निष्कर्ष यातून कसा निघतो?

रोख पैसा आला तो परदेशातून, आणि तो आपोआप आला नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (थोरले) यांच्या सरकारला परकीय चलन हवं होतं, बेकार तरुणांना कुठेतरी पाठवायचं होतं. १ मे १९७४ रोजी जो कामगार कायदा जारी झाला, त्याने परदेशी नोकरभरती हे सरकारी धोरण बनवलं. आधी बाप गेले, सौदीच्या बांधकामांवर आणि जहाजांवर. मग आया गेल्या, हाँगकाँग, सिंगापूर आणि आखातात घरकामाला. जहाजावरच्या मराठी माणसाला त्याचे फिलिपिनो सहकारी चांगले माहीत असतात. त्या खलाशांच्या करारात मूळ पगाराचा किमान ८० टक्के भाग परस्पर घरी पाठवण्याची अट असते. खलाशी आणि परदेशातले बाकी सगळे फिलिपिनो मिळून २०२३ मध्ये बँकांमार्फत देशात आलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरच्या वर होती.

आता हाँगकाँगच्या घरकामाचा हिशेब मांडू. करार दोन वर्षांचा. तो संपला की घरी सुट्टी, धरून चला तीन आठवडे. मूल तीन वर्षांचं असताना आई गेली आणि ते पंधरा वर्षांचं होईतो काम करत राहिली, तर सहा करार, सहा सुट्ट्या, म्हणजे बारा वर्षांत अठरा आठवडे. यात मुलाचं काही हरवतं का? हरवतंच, आणि ते कुठल्याही युक्तिवादाने भरून निघत नाही. व्हिडिओ कॉलवर आई गृहपाठ घेते, पण ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवत नाही. स्थलांतरावर टीका करणाऱ्यांचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. मात्र तो मान्य केल्यावर पुढचा प्रश्न येतो: त्या बारा वर्षांत मुलाला वाढवलं कुणी? घरी बाप असला तरी बहुतेक घरांत हे काम आजीकडे किंवा मावशीकडे गेलं. पहाटे चारला उठून तांदूळ धुणारी, भांड्यात बोट उभं धरून पहिल्या पेरापर्यंत पाणी मोजणारी ती लोलाच. महामारीत २०२० ते २०२२ शाळा बंद होत्या आणि छापील धडे घरी येत होते, तेव्हा स्वतः चौथी-पाचवी शिकलेली तीच नातवाशेजारी बसत होती. तिने आपली मुलं वाढवली आणि मग मुलांची मुलं. हाँगकाँगहून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिचं बिनपगारी काम आहे. देशाच्या तिजोरीत ते परकीय चलन जमा झालं. मग ऋणको कोण? एकटी मुलगी?

विधेयकाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा टाळून चालणार नाही. टाकून दिलेली म्हातारी माणसं खरोखर आहेत. ऐपतवान मुलगा मनिलात गाडी घेतो आणि बाप गावच्या प्रार्थनामंडपात झोपतो, अशा बापाच्या हातात एखादं हत्यार असायला नको का? असावं. पण ते आहेच. फिलिपिन्सच्या कुटुंब संहितेचं १९५वं कलम आईबाप आणि मुलांवर परस्परांच्या पालनपोषणाची जबाबदारी टाकतं. अडचण हक्काची नसून तो बजावण्याची आहे. पोटच्या पोरावर खटला घालायला म्हातारा कोर्टापर्यंत जातच नाही, आणि गेला तर उरलेलं नातंही त्या पायरीवर संपतं. भारतात २००७ पासून असा कायदा आहे. आपल्याकडे न्यायाधिकरणाच्या दारात किती म्हातारे आपण होऊन उभे राहतात आणि किती जण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसतात, हे कोणत्याही गावात विचारून पाहावं.

शिवाय जबरदस्तीचा प्रयोग फिलिपिन्सने एकदा करून पाहिला आहे. १९८२ साली मार्कोसने हुकूम काढला, की परदेशी काम करणाऱ्यांनी पगाराचा ठरावीक हिस्सा बँकेमार्फत मायदेशी पाठवलाच पाहिजे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी तो पगाराच्या निम्मा होता, आणि पुरावा नसेल तर पासपोर्टचं नूतनीकरण नाही. हाँगकाँगमधल्या बायका संघटित झाल्या, लढल्या, आणि १९८५ मध्ये शिक्षेची तरतूद मागे घ्यावी लागली. त्यानंतर घरी पैसे येणं थांबलं का? उलट वाढत गेलं. दंडुका नसताना चाळीस वर्षं ज्या बायकांनी पैसे पाठवले, त्यांच्या मुलांना आता कर्तव्य शिकवण्यासाठी तुरुंग दाखवायचा?

दुसऱ्या बाजूचंही एक म्हणणं मान्य करायला हवं. थोरल्या मुलीचं, ‘पानगानाय’चं, शोषण झालंच. तिने शाळा सोडायची, मनिलात कुणाच्या घरी राबायचं, पाठच्या भावाची फी भरायची. मग भावाने त्याच्या पाठचीची. या साखळीत तिचं स्वतःचं शिक्षण, कधी कधी लग्नही, राहून गेलं. १९८८ मध्ये सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत झालं, २०१७ मध्ये सरकारी विद्यापीठांतली शिकवणी फी माफ झाली. त्याआधी हे ओझं दुसऱ्या कुणी उचललंच नव्हतं. म्हणून ऋणाची भावनाच विषारी ठरवून टाकणं मला पटत नाही. शहरातला जो नोकरदार म्हणतो की माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत, त्याच्या पदवीची फी बहुतेक वेळा कुणा ताईने, तिकडच्या भाषेत ‘आते’ने, दुसऱ्याची फरशी पुसून भरलेली असते. चूक ऋण मानण्यात नाही. सरकारने आपला हिस्सा न उचलता तो सगळा त्या ऋणात ढकलला, ही चूक.

आणि आता तर गणितच जमत नाही. २०२२च्या पाहणीत देशाचा जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.९ आला, ग्रामीण भागात २.२. सहा भावंडांत एक घरी राहायचा, एक तांदूळ द्यायचा, एक औषधांचं पाहायचा. दोन भावंडांत एक दुबईला आणि दुसरी काविते प्रांतातल्या कारखान्यात, मग दुखणाईत आईला उठवून न्हाणीत कोण नेणार? मुलांच्या खेळांबद्दल जी हळहळ ऐकू येते तिचं मूळही बरंचसं इथेच आहे. जमिनीवर पाण्याने रेघा ओढून चांदण्यात ‘पातिन्तेरो’ खेळायचे, आपल्या आट्यापाट्यांचाच तो भाऊ. त्याला दोन्ही बाजूंना मिळून आठ-दहा मुलं लागतात. गल्लीत तेवढी एका वयाची मुलंच नसतील, तर उरलेली तीन वाण्याच्या दुकानाबाहेर टांगलेल्या वायफायच्या पेटीत एक पेसोचं नाणं टाकून बसणारच.

इंग्लंडने १६०१च्या गरीब कायद्यात आईबापांना पोसायची सक्ती मुलांवर टाकली होती. तीनशे वर्षं ती कायद्यात होती, तरी म्हातारे वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना राबवून पोसणाऱ्या गरीबगृहांत, मरत राहिले. १९०८ मध्ये सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदा म्हातारा माणूस मुलाच्या घरात काही घेऊन राहू लागला. फिलिपिन्सकडेही सामाजिक पेन्शन आहे. २०१०च्या कायद्याने महिना ५०० पेसो, २०२२च्या कायद्याने १,०००. पन्नास पेसो किलोचा भाव धरला तर वीस किलो तांदूळ. पण ते सगळ्या वृद्धांना नाही, फक्त निराधारांना, आणि निराधार कोण हे त्याच २०१०च्या कायद्याने ठरवून ठेवलं आहे: जो अशक्त, आजारी किंवा अपंग आहे, आणि ज्याला पेन्शन नाही, कायमचं उत्पन्न नाही आणि पोटापुरती नातेवाइकांची आर्थिक मदतही नाही. म्हणजे कावितेतल्या मुलीने दर महिन्याला पोटापुरते पैसे पाठवले की लोला यादीबाहेर. लॅक्सन यांचं विधेयक उद्या कायदा झालं आणि कोर्टाने त्याच मुलीला पोटगी भरायला लावली, तरी लोला यादीबाहेरच. पैसे पाठवले तर पेन्शन जाणार आणि नाही पाठवले तर शिक्षा होणार, अशा पेचात त्या मुलीला उभं करण्याआधी सिनेटने २०१०च्या कायद्यातली ती एक अट खोडावी आणि साठीपुढच्या प्रत्येक खेडूत म्हातारीला, मुलं पाठवोत न पाठवोत, ते हजार पेसो द्यावेत.